शंभरचा बल्ब

कुणी ओळखीचं माणूस घरच्यासाठी कॉम्प्युटर असेंबल करून मागतं, तेव्हा मी वही उघडून पार्टची यादी लिहायला घेतो. त्या यादीच्या पहिल्या ओळीत प्रोसेसर नसतो. पहिल्या ओळीत असतं ‘अर्थिंग बघणे’. दुसऱ्या ओळीत एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तिसऱ्या ओळीत यूपीएस. बोर्ड, रॅम, डिस्क त्यानंतर. आणि प्रोसेसर बराच खाली, पैसे किती उरलेत ते कळल्यावर. दुकानातल्या कोटेशनवर हा क्रम नेमका उलटा असतो. मीही कधीकाळी तसाच लिहीत होतो. हा क्रम मला इचलकरंजीत, आठ बाय दहाच्या एका दुकानात, अण्णांनी दिला. तो मिळण्याआधी माझ्या वडिलांनी कर्जाऊ काढलेल्या पैशांचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय अण्णांचं माझ्यावर काय ऋण आहे ते सांगता येणार नाही.

२००३ साल. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडील यंत्रमागाच्या एका खात्यात जॉबर होते. वर्गातल्या तीन-चार मुलांकडे कॉम्प्युटर आला होता आणि मी रोज घरी त्याचाच विषय काढायचो. आईनं एकदा सांगून बघितलं, की पुढच्या वर्षी बघू. वडील काही बोलले नाहीत. महिनाभरानं त्यांनी पतसंस्थेतून काढलेले २५,००० रुपये माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, ‘‘मला यातलं कळत नाही. तूच नीट बघून आण.’’

कंपनीचा तयार कॉम्प्युटर त्या पैशात बसत नव्हता. एका मित्राला घेऊन मी रातराणीनं मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण पार्ट घ्यायला गेलेल्या माणसाच्या तोंडी ते कधी ऐकलं नाही. दुकानादुकानांत झेरॉक्स काढलेली रेट लिस्ट हातात देत. रोज सकाळी नवी, कारण भाव रोज हलायचे. मी चार दुकानांच्या याद्या घेतल्या आणि त्यात फक्त एक आकडा शोधत राहिलो, गिगाहर्ट्झचा. तो मोठा म्हणजे मशीन चांगलं, एवढंच मला माहीत होतं. पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ. वडिलांच्या पैशातले नऊ हजारांच्या आसपास त्या एका तुकड्याला गेले आणि उरलेल्यात बाकी सगळं बसवायचं होतं. बोर्ड घेतला तो सर्वांत स्वस्त. त्यावर ग्राफिक्स कार्ड लावायला एजीपी स्लॉटच नव्हता, हे मला घरी आल्यावर कळलं. रॅम १२८ एमबी, त्यातलाही काही भाग बोर्डावरचं ग्राफिक्स खाऊन टाकायचं. कॅबिनेट घेताना दुकानदारानं सांगितलं, एसएमपीएस आतच आहे, ४०० वॉटचा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत याचा मला आनंद झाला.

विंडोज एक्सपी चालू व्हायला त्यावर इतका वेळ लागायचा, की आई तेवढ्यात चहा टाकून यायची. वडील कामावरून आल्यावर पाच मिनिटं मागं उभे राहून बघायचे आणि विचारायचे, ‘‘चांगलं चाललंय ना?’’ मी हो म्हणायचो.

चौथ्या महिन्यात, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आमच्या गल्लीत घराघराला खेटून माग होते. लाइट आली की ते सगळे एकदम सुरू व्हायचे आणि घरातले बल्ब पिवळे पडायचे. त्या दुसऱ्या वेळी टेबलाखाली फट् असा आवाज झाला आणि जळक्या वार्निशासारखा वास खोलीभर पसरला. पतसंस्थेचे अजून बत्तीस हप्ते राहिले होते.

अण्णांचं नाव मला वडिलांच्या खात्यातल्या एका कामगारानं सांगितलं. ते आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत, मग मागांच्या मोटारींचे स्टार्टर, मग मॉनिटर, आणि मॉनिटरमागून कॉम्प्युटर. तेव्हा पन्नाशीचे असतील. त्यांनी कॅबिनेट उघडलं, नाक आत नेऊन वास घेतला आणि पहिल्यांदा एसएमपीएस सोडवून बाहेर काढला. मग भंगारात आलेल्या एका जुन्या कंपनीच्या मशीनचा एसएमपीएस शेल्फवरून उतरवला आणि दोन्ही माझ्या दोन हातांत दिले.

‘‘हातात घिऊन बग.’’

माझा जवळजवळ निम्म्या वजनाचा होता. जुन्यावर २०० वॉट लिहिलं होतं, माझ्यावर ४००. अण्णांनी माझ्या डब्याचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका जागेवर ठेवत दाखवलं. वायर जिथून आत येते तिथं एक कॉइल आणि दोन कपॅसिटर असायला हवेत. पाटीवर त्यांची जागा छापलेली होती, भोकं पाडलेली होती, आणि पार्टच्या ऐवजी नुसते तारेचे तुकडे डाकवून टाकले होते. उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टी डब्याच्या पत्र्याएवढी पातळ होती. ‘‘४०० ह्यो आकडा लेबलावर हाय,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आत न्हाई.’’

(वजन हा शेवटचा पुरावा नाही. आजचे काही चांगले एसएमपीएस हलके असतात आणि वाईटाला जड करता येतं. पण त्या काळी, त्या भावात, हातानं केलेली ही पारख बहुतेक वेळा खरी ठरायची.)

बोर्ड गेला होता, हार्डडिस्कही गेली होती. रॅम आणि तो नऊ हजारांचा प्रोसेसर वाचले. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. अण्णांनी मला थांबवलं नाही. रडून झाल्यावर विचारलं, ‘‘पैसं कुणाचं?’’ मी सांगितलं. त्यांनी एक वापरलेला बोर्ड, २० जीबीची जुनी डिस्क आणि तो जड एसएमपीएस लावून मशीन चालू करून दिलं आणि वहीत एक आकडा लिहिला. ‘‘जमंल तसं दे. बाला सांगू नगोस म्हननार न्हाई. सांग. पर चालू झाल्याव सांग.’’

मशीन घरी नेल्यावर एक नवीच गोष्ट झाली. कॅबिनेटला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. मी धावत अण्णांकडे गेलो. मला वाटलं, त्यांचा एसएमपीएस खराब आहे. अण्णा संध्याकाळी सायकलवरून घरी आले. पिशवीत एक होल्डर, त्यात १०० वॉटचा बल्ब आणि होल्डरला दोन लांब वायरी. एक वायर प्लगच्या फेजला आणि दुसरी न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगला लावली. बल्बची तार नुसती लाल झाली, शेकोटीच्या विझत्या काडीसारखी.

माझ्याकडे कॉलेजचा मल्टिमीटर होता. मी मोठ्या हुशारीनं तो लावून दाखवला. फेज आणि अर्थिंगमध्ये दोनशेच्या वर व्होल्ट दाखवत होता. अण्णांनी समजावलं, की मीटर वीज जवळजवळ घेतच नाही, म्हणून तुटत आलेल्या तारेतूनसुद्धा त्याला व्होल्ट दिसतात. बल्ब मात्र ओढ घेतो. तार खरोखर जमिनीत पोचली असेल तरच तो पेटेल. मुंग्यांचं कारणही तेच होतं. चांगल्या एसएमपीएसमधला फिल्टर विजेतला कचरा अर्थिंगमध्ये सोडतो. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. माझ्या जुन्या डब्यात फिल्टरच नव्हता, म्हणून मुंग्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी वडिलांनी आणि अण्णांनी मिळून घरामागं खड्डा काढला. पाइप उभा केला, भोवती मिठाचे आणि कोळशाचे थर दिले, वर पाणी ओतलं. मी पाट्या उचलल्या. त्या दिवशी वडिलांना मशीन जळाल्याचं मी सांगितलं होतं. त्यांनी खड्ड्यातून वर बघत एवढंच विचारलं, ‘‘आता नीट झालं?’’ उत्तर अण्णांनी दिलं, ‘‘आता पाया झाला.’’

त्यानंतर कॉलेज सुटलं की मी दुकानात जाऊन बसू लागलो. शिकवतो असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. ते काम करायचे आणि मला हातात वस्तू द्यायचे. डिस्प्ले येत नाही म्हणून आलेल्या मशीनची रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेचं खोडरबर फिरवायचं, दोन्ही बाजूंनी, एकाच दिशेनं, आणि चुरा फुंकायचा नाही, ब्रशनं झाडायचा, कारण फुंकरेत थुंकी असते. बोर्ड कॅबिनेटला लावताना खालचे पितळी स्क्रू मोजायचे. एक जरी चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरवर पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, जास्त नाही. कपॅसिटरच्या डोक्यावरून बोट फिरवायचं. ती सपाट असायला हवीत. त्या वर्षांत कपॅसिटर फुगलेले इतके बोर्ड आले, की अण्णा ग्राहकाला बोर्ड दाखवायचे आणि म्हणायचे, भाकरी फुगल्यावानी झाल्यात.

पण पार्ट कसा निवडायचा हे मला कळलं ते एका डीटीपीवाल्या बाईंमुळं. २००५ ची दिवाळी. त्या लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायच्या. त्यांनी येऊन सरळ सांगितलं, पेंटियम ४ पाहिजे, मैत्रिणीकडे तोच आहे. माझ्या डोक्यात कोटेशन तयार होतं. अण्णांनी त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं, दिवसात किती तास बसता? एका वेळी किती फाइल उघड्या असतात? डोळे दुखतात का? बाई म्हणाल्या, डोळे तर संध्याकाळी आग आग करतात. अण्णांनी त्यांना सेम्प्रॉन दिला, ५१२ एमबी रॅम दिली आणि वाचलेल्या पैशात पंधराच्या जागी सतरा इंची चांगला मॉनिटर.

सेम्प्रॉन एएमडीचा. एएमडी गरम होतो असं तेव्हा प्रत्येक जण सांगायचा. मीही अण्णांना तेच म्हणालो. जुन्या ॲथलॉनबद्दल त्यात तथ्यही होतं. कूलर निसटला तर त्याला स्वतःला सावरता यायचं नाही. पण २००४ नंतरचे पेंटियम ४ आधीच्यांपेक्षा जास्त तापायला लागले होते आणि एएमडीचे नवे प्रोसेसर थंड झाले होते. बाजारातलं बोलणं मात्र दोन वर्षं मागंच राहिलं होतं. अण्णांनी माझ्याशी वाद घातला नाही. दोन मशीन शेजारी शेजारी तासभर चालवली आणि कूलरच्या पट्टीला बोट लावायला सांगितलं. बाई पुढं कित्येक वर्षं त्याच मॉनिटरवर काम करत होत्या.

एवढं बघूनही मी चुकलो, आणि ती चूक अज्ञानातली नव्हती.

२००६ च्या आषाढात अण्णा वारीला गेले. तीन आठवडे दुकान माझ्यावर होतं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त गुरुजी कॉम्प्युटर घ्यायला आले. मी १६,५०० चं कोटेशन दिलं. ते दुसरीकडे विचारून परत आले. तिथं सहाशे रुपये कमी सांगितले होते. अण्णा नसताना गिऱ्हाईक गेलं तर ते काय म्हणतील, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला ते काम माझ्या नावावर हवं होतं. मी यादीतला चांगला एसएमपीएस काढून कॅबिनेटबरोबर येणारा ठेवला आणि यूपीएस ‘नंतर घेऊ’ म्हणून खोडला. गुरुजींना यातलं काही सांगितलं नाही. ते कॉम्प्युटर कशासाठी घेताहेत हेही विचारलं नाही. अण्णा परत आल्यावर त्यांना बिल दाखवलं, आतला फरक दाखवला नाही.

गावाकडे तेव्हा भारनियमन दिवसाला कित्येक तास असायचं. २००७ च्या जानेवारीत गुरुजी मशीन घेऊन एसटीनं आले. कॅबिनेट त्यांनी गोधडीत गुंडाळून मांडीवर आणलं होतं. मला फट् आवाज झाल्याचं त्यांनी सांगायची गरजच नव्हती. वास मी ओळखला.

गुरुजी वीस-पंचवीस वर्षं गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होते. २००५ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी आलं आणि वह्या भिजल्या. शाई पसरत चालली होती. एकेक पान उन्हात वाळवून, जेवढं वाचता येतंय तेवढं ते कॉम्प्युटरवर टाइप करत होते. पुष्कळ पानं टाइप झाल्यावर हातातच तुटली होती. म्हणजे त्या ओव्या आता फक्त त्या डिस्कमध्ये होत्या.

अण्णांनी एसएमपीएस बाहेर काढला. हातात घेतला. माझ्याकडे बघितलं आणि तो टेबलावर ठेवला. गुरुजींसमोर ते काही बोलले नाहीत. डिस्क उलटी केली तेव्हा खालच्या हिरव्या पाटीवरच्या एका चिपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं दिसलं. ‘‘पाटी जळलीया,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आतली चकती कदाचित शाबूत असंल. गुरुजी, मला आठ दीस द्या.’’

त्याच मॉडेलची, त्याच फर्मवेअर नंबरची दुसरी डिस्क मिळाली तर तिची पाटी काढून इथं लावता येते. प्रत्येक वेळी हे जमत नाही. अण्णा मेलेल्या डिस्का एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचे, पण त्यात ही नव्हती. चार दिवस त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर असं करत ओळखीच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे गेले. मी बरोबर होतो. त्या चार दिवसांत त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, आणि मला ते सहन होत नव्हतं. मिरजेला एका दुकानात, भंगाराच्या खोक्यात, ती मिळाली.

रात्री पाटी बदलली. डिस्क फिरल्याचा आवाज आला तेव्हा अण्णांनी टोपी काढून बाजूला ठेवली. पहाटेपर्यंत सगळं दुसऱ्या डिस्कवर आणि सीडींवर उतरवलं. दोन फाइल उघडल्या नाहीत. त्यातली एक नृसिंहवाडीच्या बाजूच्या एका आजींच्या ओव्यांची होती. आजी आदल्या वर्षी वारल्या होत्या.

सकाळी अण्णांनी चहा मागवला आणि मला म्हणाले, ‘‘आता जा आनि त्येंला सांग.’’ मी म्हणालो, डेटा मिळाला हे मी फोन करून सांगतो. ‘‘त्ये न्हाई. काय बसवलंवतंस त्ये सांग.’’

मी एसटीनं गेलो. गुरुजी अंगणात बसले होते. मी सहाशे रुपयांचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तू विचारलं असतंस, कशाला पाहिजे म्हणून, तर मी सांगितलं असतं.’’ त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. आजींच्या त्या फाइलसाठी मी आजही काही करू शकलेलो नाही.

तेव्हापासून माझी यादी बदलली. कशाला पाहिजे, हे मी आता पार्टच्या आधी विचारतो, आणि उत्तर ‘सगळ्यासाठीच’ असं आलं तर पुन्हा विचारतो. घरात लाइट किती वेळा जाते, टेबल कुठं आहे, मशीन बंद पडलं तर काय जाईल. पैसे कमी असतील तर अण्णांचं एक माप मी वापरतो: जे वर्षभरानं सहज वाढवता येईल त्यावर आज हात आखडता घ्यावा, आणि जे बदलायला सगळं खोलावं लागेल ते आजच नीट घ्यावं. रॅमची दुसरी पट्टी नंतर येते, ग्राफिक्स कार्ड नंतर येतं, मोठी डिस्क नंतर येते. बोर्ड आणि एसएमपीएस नंतर येत नाहीत.

२००८ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. नोकरीतलं काम जे काही जमलं ते त्या दुकानातल्या हातखंड्यावर. अण्णांना फोन करायचो तो बहुतेक अडल्यावरच, हेही इथं लिहून ठेवायला हवं.

एकदा मात्र त्यांचाच फोन आला. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये मोठा पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि आपल्याकडे हार्डडिस्कचे भाव बघता बघता दुप्पट झाले. अण्णांकडे जुन्या भावात घेतलेल्या सात-आठ डिस्का शिल्लक होत्या. त्यांनी मला विचारलं, की पुण्यात काय भाव आहे. मी सांगितला. त्यांनी त्या डिस्का आधीच्याच भावात दिल्या, शाळकरी मुलांच्या मशीनसाठी. बाकीच्यांना सांगितलं, जुनी डिस्क काढून लावतो, सहा महिने थांबा. तो भाव त्यांनी मला कशासाठी विचारला होता, हे मला फार नंतर कळलं: आपण गिऱ्हाइकाचे किती वाचवतोय हे त्यांना बघायचं होतं. पुढं २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं अशीच अव्वाच्या सव्वा झाली. तेव्हा पोरांना थांबा म्हणायला मी कचरलो नाही.

२०१८ च्या शेवटी बहिणीच्या मुलासाठी मशीन करायचं होतं. मी रायझन ३ २२००जी धरला. त्यात ग्राफिक्स आतच होतं आणि बऱ्यापैकी होतं, त्यामुळं वेगळं कार्ड लागत नव्हतं. एएम४ बोर्डावर पुढं मोठा प्रोसेसर बसवायची सोयही होती. यादी अण्णांना वाचून दाखवली. ते तेव्हा पासष्टीचे. त्यांनी अडवलं, ‘‘आठची एक पट्टी सोडून चारच्या दोन का?’’ मी सांगितलं, की आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळं रॅममधूनच काम करतं. दोन पट्ट्या असल्या की वाट दुप्पट रुंद होते, एकच असेल तर गेम अडखळतात. पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. ‘‘थांब, लिवून घेतो. म्हंजे एका बैलाचा छकडा आनि दोन बैलांची गाडी.’’ मग म्हणाले, ‘‘हे मला ठावं नव्हतं. बरं झालं सांगितलंस.’’ चाळीस वर्षं दुरुस्तीत घालवलेला माणूस माझ्याकडून लिहून घेत होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी इचलकरंजीला अडकलो. माग बंद होते. गल्लीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. जूनपासून मुलांची शाळा ऑनलाइन सुरू झाली आणि घरात एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशातला. नवं मशीन घेणं कुणालाच शक्य नव्हतं. अण्णांनी दुकानाचं अर्धं शटर वर केलं आणि गल्लीत निरोप दिला, माळ्यावरची मशीन खाली काढा. दहा-बारा वर्षांपूर्वीची, धुळीनं भरलेली, त्यातली काही आम्हीच बनवलेली. ते खोडरबर घेऊन बसायचे आणि मी बाकीचं बघायचो. जुनी हार्डडिस्क काढून १२० जीबीची एसएसडी, वापरलेली डीडीआर३ रॅम चार जीबीपर्यंत, सेलच्या जागी नवा सीआर२०३२, पंख्याला थेंबभर तेल. जिथं विंडोज नीट चालत नव्हतं तिथं लिनक्स. एसएसडी लावल्यावर पहिलं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहिलेलं बघून अण्णांनी ते बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं. त्या पावसाळ्यात एकवीस मशीन चालू झाली. त्यांनी पार्टचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. मी ती विचारली नाही, यापलीकडं माझा त्यात काही वाटा नाही.

आता अण्णांचा हात थरथरतो, बारीक स्क्रू दिसत नाहीत. दुकान बंद केलं आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्या नातीसाठी मशीन करायचं ठरलं. ती सांगलीला एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहते आणि ॲनिमेशन शिकते. साठ हजारांत बसवायचं होतं. अण्णांनी तिला समोर बसवून विचारायला सुरुवात केली: काम कुठलं, एक सीन तयार व्हायला किती वेळ लागतो, अडतं नेमकं कुठं? तिचं रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि कार्डाची मेमरी भरली की काम बंद पडतं, हे तिच्याकडून कळलं. तेव्हा पहिल्यांदाच अण्णांच्या यादीत सगळ्यात मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाला गेली आणि प्रोसेसर मधला राहिला. एसएमपीएसवर आमचं दहा मिनिटं चाललं. मी ५५० वॉट म्हणत होतो, ते ६५० म्हणत होते. ६५० लिहिला.

मग त्यांनी पिशवी उघडली. शंभरचा पिवळा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही. त्यांनी दोन जपून ठेवलेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. नव्या घरांत वीज जमिनीकडे गळली की लाइट तोडणारा आरसीसीबी बसवलेला असतो आणि बल्ब अर्थिंगला लावताच तो पडतो, म्हणून आधी मी मीटरजवळचा बोर्ड बघून आलो. आरसीसीबी नव्हताच. होल्डर मी धरला, वायरी मी लावल्या. फेज आणि न्यूट्रलला बल्ब लख्ख पेटला आणि नातीनं हात डोळ्यांवर धरला. मग अर्थिंगला लावला. तार लालसुद्धा झाली नाही.

‘‘वायरमनला बोलवा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आनि त्यो आरसीसीबी बी बसवून घ्या.’’

वायरमन मंगळवारी येणार होता. पार्टची ऑर्डर आम्ही तोपर्यंत थांबवली.